मधेच बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते

साताऱ्याच्या एका ताईंचं पत्र आलंय, लांबलचक आहे म्हणून थोडक्यात सांगतो. वॅगनआर, एक लिटर पेट्रोल, आरसीवर बनवल्याचा महिना सप्टेंबर २०१९. मागच्या दिवाळीत सेकंड हँड घेतली. मुलगी पुण्यात शिकते म्हणून दर शनिवार-रविवारी पुणे-सातारा चालू असतं, ताई स्वतः चालवतात, बरोबर सासूबाई असतात बऱ्याचदा. उन्हाळा लागल्यापासून गाडी चालता चालता बंद पडायला लागली, कधी खेड शिवापूरच्या टोलच्या रांगेत, कधी येताना खंबाटकी चढताना. सेल्फ मारला की फिरतो पण इंजिन पकडत नाही. बोनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला चालू होते आणि मग घरापर्यंत काही त्रास नाही. गॅरेजवाल्याने आधी प्लग बदलले, मग बॅटरी, मग कॉइल, मग थ्रॉटल बॉडी साफ केली, प्रत्येक वेळी "आता होणार नाही" म्हणाला आणि पुढच्या फेरीला परत तेच. शेवटी त्याने सांगितलं की स्कॅनरला काहीच येत नाही, एक तर तुम्ही क्लच नीट दाबत नसाल, नाहीतर मग ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, बदलून बघू. ताई विचारतात, ईसीएम बदलू का गाडीच विकून टाकू?

ताई, दोन्ही करू नका. ईसीएम तर अजिबात बदलू नका, निदान कोणीतरी काहीतरी मोजून, हे बघा इथे सिग्नल येतोय आणि इथून पुढे जात नाही असं दाखवेपर्यंत तरी नाही. ईसीएम खराब होतच नाही असं नाही, पण अशा तक्रारीत तो यादीत फार खाली येतो आणि बिलात सगळ्यात वर. आणि विकायची म्हणाल तर हा फॉल्ट लपवून विकली तर दुसरं कोणीतरी घाटात अडकणार, सांगून विकली तर भाव मिळणार नाही, आणि माझ्या अंदाजाने हे काम तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरंच सोपं आहे, कदाचित फुकटातही होईल, ते पुढे सांगतो.

आधी ते क्लचचं. हे वाचून मला मनापासून राग आला. क्लच चुकीचा सोडल्याने गाडी बंद पडते ती उठवताना, सिग्नलला, चढावर, आणि लगेच परत सेल्फ मारला की लगेच चालू होते. क्लचच्या चुकीने बंद पडलेल्या गाडीला वीस मिनिटं गार व्हायला लागत नाहीत. म्हणजे तुमच्या पत्रातच उत्तर होतं, फक्त त्या माणसाने ते ऐकलं नाही. बाईमाणूस गाडी चालवतेय म्हटल्यावर चालवण्यातच चूक असणार असं धरून चालणारी गॅरेजं अजून आहेत, अशा ठिकाणी पुन्हा जाऊ नका एवढंच म्हणेन.

आता स्कॅनरला काही येत नाही याचा अर्थ काय ते समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो. आपल्याकडे २०१३ च्या एप्रिलपासून गाड्यांना ओबीडी-टू, म्हणजे गाडीने स्वतःचे फॉल्ट ओळखून नोंदवायची सोय, आलं, स्टीअरिंगच्या खाली डॅशबोर्डला ते सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात स्कॅनर लावतात. पण कोड, म्हणजे फॉल्टचा ठरलेला नंबर, येतो तो ईसीएमला जे दिसतं त्याचाच. तुमच्या गाडीसारख्या साध्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या, इंजिनात पेट्रोलच्या लाइनमध्ये प्रेशर किती आहे हे बघणारा सेन्सरच नसतो. म्हणजे टाकीतला पंप थांबला, इंजिनला पेट्रोल मिळेनासं झालं, तर ईसीएमच्या दृष्टीने एवढंच झालं की इंजिन फिरायचं थांबलं, तुम्ही चावी बंद केल्यावर थांबतं तसंच. त्यात त्याला फॉल्ट दिसत नाही, कोड पडत नाही. त्यामुळे कोड नाही म्हणजे गाडीत काही नाही असं मुळीच नाही, उलट जाणत्या माणसाला कोड नसणं हीच एक खूण आहे की जिथे सेन्सर बघत नाही तिथे बघा.

आणि अजून एक, तुमच्या गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली तेव्हा जुनी काढली ना, त्याबरोबर ईसीएमने जे काही लिहून ठेवलं असेल तेही बरंचसं पुसलं गेलं असणार. कोड पडतो तेव्हा त्या क्षणाचं स्पीड, आरपीएम, इंजिनचं तापमान, लोड असं सगळं एकत्र साठवलं जातं, फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला, अशा फॉल्टमध्ये ते सोन्याइतकं महत्त्वाचं असतं. म्हणून यापुढे कोणालाही स्कॅन करून सगळं लिहून घेतल्याशिवाय, पेंडिंग, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या, कोडसकट, बॅटरीला हात लावू देऊ नका.

मधेच बंद पडणाऱ्या गाडीचं दुखणं हे की गॅरेजमध्ये ती बरी असते. मग गॅरेजवाला अंदाजाने पार्ट बदलत जातो. हा फॉल्ट पकडायचा असेल तर गाडी बंद पडलेली असताना पकडावा लागतो, ती गार व्हायच्या आत, आणि त्या वेळी गाडीपाशी तुम्हीच असता, मेकॅनिक नसतो. म्हणून निम्मं निदान तुम्हालाच करायचंय. घाबरू नका, हात काळे करायचे नाहीत, बघायचं आणि ऐकायचं आणि लिहून ठेवायचं.

पण सगळ्यात आधी स्वतःला सांभाळा. गाडी चालू रस्त्यावर बंद पडली तर स्टीअरिंग एकदम जड होऊ शकतं, घाबरू नका, जोर लावला की वळतं. ब्रेक दोन-तीन वेळा दाबेपर्यंत नेहमीसारखा लागतो कारण ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये व्हॅक्यूम शिल्लक असतो, म्हणून पंप करत बसू नका, एकदाच घट्ट दाबून धरा. चावी मागे फिरवून काढायची नाही, गाडी पूर्ण थांबेपर्यंत तर मुळीच नाही, स्टीअरिंग लॉक होतं. हजार्ड लावा, जेवढा वेग शिल्लक आहे तेवढ्यात डावीकडे घ्या. घाटात थांबायची वेळ आली तर सासूबाईंना गाडीतून उतरवून बाजूला सुरक्षित जागी उभं करा आणि त्रिकोण बराच मागे ठेवा, वळणापाशी असाल तर वळणाच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्या ट्रकवाल्याला वळण घ्यायच्या आधी दिसेल. नॅशनल हायवेवर १०३३ लावलं की मदत मिळते, नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. हे सगळं झाल्यावरच पुढचं.

आता बंद पडली, बाजूला घेतली. पहिला प्रश्न स्वतःला विचारा, कशी बंद पडली? चावी फिरवावी तशी एका क्षणात गप्प झाली, का आधी ओढ कमी झाली, झटके खाल्ले, अॅक्सिलरेटर दाबला तरी पिकअप येईना, आणि मग मेली? तुम्ही पत्रात एके ठिकाणी लिहिलंय "एकदम बंद पडते" आणि खाली खंबाटकीचं सांगताना लिहिलंय "आधी दम लागल्यासारखी करते". या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ताई, आणि यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. एका क्षणात गप्प होणं हे बहुतेक वेळा करंटचं काम, म्हणजे क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का ते ईसीएमला सांगणारा), मेन रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच), इग्निशन स्विच, कुठेतरी ढिला कनेक्टर. दम लागून, झटके खाऊन मरणं हे बहुतेक पेट्रोलचं काम, म्हणजे पंप, त्याची जाळी, फिल्टर, पंपाचा रिले. प्रत्येक वेळी कसं झालं ते तेव्हाच्या तेव्हा लिहा, घरी येऊन आठवायला गेलात तर सगळ्या वेळा एकमेकांत मिसळतात.

मग चावी ऑन करा, सेल्फ मारू नका, फक्त ऑन. दोन गोष्टी बघायच्या. एक, मीटरमधला पिवळा इंजिनचा दिवा लागला का? ऑन केल्यावर तो लागलाच पाहिजे, चालू झाल्यावर विझतो. बंद पडलेल्या अवस्थेत चावी ऑन करूनही तो लागतच नसेल तर ईसीएमला करंटच पोचत नाहीये, मग मेन रिले, फ्यूज, अर्थिंग, इग्निशन स्विच इकडेच बघायचं, पंपाकडे जायची गरज नाही. दोन, मागच्या सीटकडून हळू घूं असा आवाज आला का? चावी ऑन केली की पंप साधारण दोन सेकंद चालतो आणि थांबतो, लाइनमध्ये प्रेशर भरून घेतो. एसी, पंखा, गाणी बंद, काचा वर, आणि मागे बसलेल्या माणसाला कान द्यायला सांगा. हा आवाज गाडी नीट असताना घरी दोन-चारदा ऐकून ओळखून ठेवा, म्हणजे रस्त्यावर शंका राहणार नाही. दिवा लागतोय, सेल्फ जोरात फिरतोय, पण मागून आवाज नाही, असं असेल तर पंप किंवा त्याला करंट देणारी लाइन, जवळजवळ पक्कं समजा. आवाज आला म्हणून पंप निर्दोष सुटला असं मात्र नाही हां, पंप फिरत असूनही प्रेशर पुरेसं देत नसेल असं होऊ शकतं.

तिसरी गोष्ट थोडी खर्चाची, पण करा. ब्लूटूथचा ओबीडी डाँगल हजार रुपयांच्या आसपास मिळतो, मोबाइलमध्ये अॅप टाकून तो सॉकेटला लावून ठेवायचा. बंद पडल्यावर सेल्फ मारताना अॅपमध्ये आरपीएम बघायचा. सेल्फ इंजिन फिरवतोय म्हणजे दोनशे-अडीचशेच्या आसपास काहीतरी आकडा यायला हवा. इंजिन फिरताना कानाला ऐकू येतंय आणि आकडा शून्यावरच बसलाय, तर क्रँक सेन्सरचा सिग्नल ईसीएमपर्यंत जात नाहीये, आणि तो सिग्नल नसेल तर ईसीएम स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. आरपीएमचा आकडा येतोय तरी चालू होत नाही, तर क्रँक सेन्सरवरचा संशय बराच कमी झाला. बघा, एवढ्या एका आकड्याने किती पार्ट वाचतात.

त्याच अॅपमध्ये फ्यूएल ट्रिम म्हणून एक आकडा असतो, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म. साध्या भाषेत, ऑक्सिजन सेन्सरचं बघून ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते. सरळ रस्त्यावर एका वेगात चालताना शून्याच्या आजूबाजूला, पाच-दहा टक्के इकडे तिकडे असेल तर ठीक. पण गाडी गरम झाल्यावर तो आकडा हळूहळू वाढत वाढत वीस, पंचवीस अधिक व्हायला लागला, तर याचा अर्थ ईसीएम जास्त पेट्रोल मागतोय आणि त्याला मिळत नाहीये. पंप मरायच्या आधीची ही निशाणी बऱ्याचदा दिसते. अॅपमध्ये रेकॉर्डिंगची सोय असते ती चालू करून ठेवा आणि मोबाइल मुलीकडे किंवा शेजारच्याकडे द्या, गाडी चालवताना स्वतः स्क्रीन बघायची नाही.

आता माझा संशय कुठे आहे ते सांगतो. पंप. कारणं तुमच्याच पत्रात आहेत. त्रास उन्हाळ्यात सुरू झाला, तासभर चालल्यावर होतो, चढावर दम लागल्यासारखं होतं, गार झाल्यावर सुरळीत, कोड नाही. आणि एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, की "पेट्रोल साताऱ्यातच भरते त्यामुळे येताना दोनच काड्या असतात". पंप टाकीच्या आत असतो आणि भोवतीचं पेट्रोलच त्याला गार ठेवतं. टाकी तळाला गेली, वरून उन्हाळा, खालून तापलेला रस्ता, म्हणजे उरलेलं थोडं पेट्रोल तापतं आणि त्यात पंपाची मोटर. जुनी थकलेली मोटर तापली की अडकते, गार झाली की परत फिरते. म्हणून आजपासून टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. त्याने फॉल्ट जाणार नाही, पण बंद पडण्याचं प्रमाण एकदम कमी झालं तर ती पण माहितीच आहे, लिहून ठेवा.

आणि पंपाकडे बोट दाखवायचं दुसरं मोठं कारण म्हणजे तुमच्या आरसीवरचा तो सप्टेंबर २०१९. मारुतीने जुलै २०२० मध्ये एक लिटर वॅगनआर आणि पेट्रोल बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्यूएल पंपासाठी परत बोलावल्या होत्या, त्यातल्या वॅगनआर १५ नोव्हेंबर २०१८ ते १५ ऑक्टोबर २०१९ या काळात बनलेल्या. मग मार्च २०२४ मध्ये परत एक रिकॉल झाला, या वेळी ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ मधल्या ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर, कारण फ्यूएल पंपाच्या मोटरमधल्या एका पार्टमध्ये दोष असू शकतो आणि क्वचित त्याने इंजिन बंद पडू शकतं किंवा चालू व्हायला त्रास होऊ शकतो असं कंपनीनेच सांगितलं होतं. तुमच्या गाडीचा महिना दोन्हीत बसतो! बसतो म्हणजे तुमची गाडी त्यात असेलच असं नाही, ते चेसिस नंबरवरून ठरतं, पण तपासायलाच हवं. हे फक्त एका कंपनीचं नव्हतं, होंडानेही जून २०२० मध्ये भारतात २०१८ ला बनलेल्या ६५,६५१ गाड्या पंपासाठी बोलावल्या, आणि टोयोटाने त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत सातेक लाख गाड्या, तिथे कारण निघालं होतं की पंपातला प्लास्टिकचा इंपेलर, म्हणजे पेट्रोल ढकलणारं चाक, पेट्रोल शोषून फुगतो आणि कडेला घासून अडकतो.

अशा रिकॉलचा निरोप कंपनीकडे ज्याचा पत्ता आहे त्याला जातो, म्हणजे पहिल्या मालकाला. त्याने गाडी नेली नाही किंवा निरोप बघितलाच नाही आणि गाडी विकली, तर तुम्हाला कळायचा मार्ग नाही. म्हणून आरसीवरचा एमए३ पासून सुरू होणारा १७ अक्षरांचा चेसिस नंबर घ्या, कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर टाका, किंवा सरळ कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा की या नंबरवर काही रिकॉल बाकी आहे का आणि पूर्वी पंप बदललेला आहे का. बाकी असेल तर पंप फुकट बदलून मिळतो, गाडी कितव्या मालकाकडे आहे याचा प्रश्न येत नाही. सेकंड हँड गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्याच आठवड्यात करायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, घेताना आपण रंग, टायर, किलोमीटर सगळं बघतो आणि हे कोणी बघत नाही.

समजा रिकॉल लागू नाही, किंवा पंप आधीच बदलून झालाय. तरी पंप अंदाजाने बदलायचा नाही, मोजून बदलायचा. मेकॅनिकला सांगा, लाइनला फ्यूएल प्रेशर गेज लाव आणि गेज लावलेलं असतानाच गाडी तासभर चालव, एसी लावून, शक्यतो चढावर. अशा इंजिनांत साधारण तीन बारच्या आसपास प्रेशर असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. गार असताना तीन आणि तापल्यावर खाली सरकत गेलं तर पुरावा हातात आला. मग लगेच पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज बघायचं, पंप चालू असताना. तिथे बॅटरीइतकं व्होल्टेज पोचतंय आणि तरी प्रेशर पडतंय तर पंप किंवा जाळी. तिथेच व्होल्टेज नऊ-दहावर आलंय तर बिचाऱ्या पंपाचा दोष नाही, रिलेचे पॉइंट जळालेत किंवा कनेक्टरची पिन काळी पडलीय किंवा अर्थिंग गंजलंय, आणि नवा पंप टाकलात तरी महिन्याने परत तेच होणार. ही दुसरी मोजणी नव्वद टक्के वेळा कोणी करत नाही आणि मग लोक म्हणतात नवीन पंप पण टिकला नाही.

दुसरा संशय क्रँक सेन्सर. जर तुमच्या वहीत "एका क्षणात गप्प" जास्त वेळा आलं आणि सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसला तर तोच पहिला. आतली बारीक जोडणी तापल्यावर सुटते, गार झाल्यावर परत चिकटते, त्यामुळे लक्षणं पंपासारखीच दिसतात, गरम झाल्यावर बंद आणि अर्ध्या तासाने चालू. कोड आला तर पी०३३५ येतो, पण नेहमी येतोच असं नाही. गॅरेजमध्ये तपासायची जुनी पद्धत म्हणजे इंजिन चालू ठेवून सेन्सरला हेअर ड्रायरने गरम करायचं, मेलं तर सापडला. सेन्सर स्वस्त असतो म्हणून "बदलून टाकू" हा मोह होतो, तरी आधी त्याची वायर आणि कनेक्टर बघून घ्या, तेलाने माखलेला किंवा क्लिप तुटलेला कनेक्टर बऱ्याचदा खरा गुन्हेगार असतो. उंदरांनी वायर कुरतडलेली असणं हे तर आपल्याकडे पावसाळ्यात नित्याचंच, घराबाहेर गाडी उभी राहत असेल तर बोनेटखाली टॉर्च लावून नीट बघा.

सेकंड हँड गाडी म्हणून अजून एक विचारतो. आधीच्या मालकाने जीपीएस ट्रॅकर लावलेला होता का? कर्जावरच्या गाड्यांना, भाड्याने फिरणाऱ्या गाड्यांना असे ट्रॅकर लावतात आणि त्यात काही ठिकाणी इंजिन कट करायचा रिले पंपाच्या किंवा इग्निशनच्या वायरमध्ये घुसवलेला असतो. ट्रॅकरचं सिमकार्ड कधीच बंद झालेलं असतं पण तो स्वस्तातला रिले वायरमध्ये तसाच राहतो, तापला की सुटतो. डॅशबोर्डखाली काळ्या टेपने गुंडाळलेले जोड, कंपनीचे नसलेले रिले दिसले तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून ते सगळं काढून वायरिंग मूळ होतं तसं करून घ्या. सेंट्रल लॉक आणि म्युझिक सिस्टिम बाहेरून बसवलेली असेल तर तिथेही हेच.

चावीला किती वजन आहे तेही बघा. घराच्या, कपाटाच्या, शाळेच्या सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात असतील तर गाडीची वेगळी करा. झिजलेल्या इग्निशन स्विचमध्ये जड जुडगा लटकला की खड्ड्यात चावी किंचित मागे सरकून करंट तुटू शकतो. जनरल मोटर्सने २०१४ मध्ये अमेरिकेत सव्वीस लाखांच्या आसपास गाड्या याच इग्निशन स्विचसाठी परत बोलावल्या, आणि नंतर भरपाई देताना १२४ मृत्यू त्याच्याशी जोडले गेले. चालती गाडी बंद पडणं ही नुसती गैरसोय नसते.

बाकी वाचकांपैकी कोणाच्या गाडीची लक्षणं वेगळी असतील तर त्यांच्यासाठी भराभर सांगतो. फक्त सिग्नलला थांबताना, एसी लावल्यावर बंद पडते आणि लगेच चालू होते तर थ्रॉटल बॉडीचा कार्बन, आयडल कंट्रोल. फक्त टाकी फुल केल्यावर पहिल्या पाच मिनिटांत घुटमळते तर पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा, उघडा अडकलाय का बघा. ब्रेक दाबला की आरपीएम पडून बंद पडते तर ब्रेक बूस्टरची नळी किंवा बूस्टरच लीक. स्पीड ब्रेकरवर आदळली की बंद तर बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी, इंजिन चालू ठेवून वायरिंग हलवून बघितलं की सापडतं. आणि सीएनजी असेल तर तुम्ही नशीबवान, निम्मी तपासणी बटणावर होते. फक्त पेट्रोलवर बंद पडते तर पंप आणि पेट्रोलची लाइन, फक्त सीएनजीवर तर रेग्युलेटर, फिल्टर, इंजेक्टर, दोन्हीवर पडते तर दोघांत समान असलेलं काहीतरी, म्हणजे क्रँक सेन्सर, कॉइल, मेन रिले, अर्थिंग.

तुमच्या भावाने सांगितलं ना की हे सगळं इथेनॉलच्या पेट्रोलमुळे होतंय आणि वेपर लॉक होतोय, म्हणजे पेट्रोलची लाइनमध्येच वाफ होऊन पुरवठा अडतोय, त्याबद्दल. वेपर लॉक खरा होता, पद्मिनी आणि अँबेसिडरच्या काळात, तेव्हा पंप इंजिनवरच बसलेला असायचा, तापायचा, आणि लोक घाटात त्यावर ओलं फडकं टाकून बसायचे. आता पंप टाकीत आहे आणि तीन बारच्या प्रेशरने पेट्रोल पुढे ढकलतो, त्यात तसा लॉक होणं फार दुर्मीळ. इथेनॉलची काळजी जुन्या रबरी नळ्यांसाठी आणि मायलेजसाठी करणं बरोबर आहे, तो पाणी ओढून घेतो हेही खरं. पण पेट्रोलमध्ये पाणी असेल तर गाडी गार असतानाही मिसिंग करेल, भरल्याभरल्या त्रास देईल, वीस मिनिटं थांबून बरी होणार नाही. फारच शंका असेल तर मेकॅनिकला काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल काढायला सांगा आणि ते स्थिर होऊ द्या, पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो.

गॅरेजला पुन्हा जाल तेव्हा तोंडी सांगू नका, वही दाखवा. तारीख, किती वेळ चालल्यावर, ऊन कसं होतं, टाकीत किती काड्या, एसी होता का, चढ होता का, कशी मेली, दिवा लागला का, घूं आवाज आला का, आरपीएम किती, किती वेळाने चालू झाली. चार वेळचं असं लिहिलेलं असेल तर चांगला मेकॅनिक गाडीला हात लावायच्या आधी निम्म्या गोष्टी खोडून टाकेल. जो वही बघायला तयार नाही त्याच्याकडे गाडी देऊ नका. आणि जो पार्ट बदलेल तो जुना पार्ट परत मागून घ्या, कारण आता तुमच्या चांगल्या कॉइल आणि प्लग कुठे गेले ते तुम्हाला माहीत नाही, नाहीतर ते स्पेअर म्हणून राहिले असते.

सोमवारी सकाळी पहिलं काम चेसिस नंबर तपासायचं. तोपर्यंत गाडी साताऱ्यात गावातल्या गावात वापरा, या शनिवारी पुण्याला एसटीने जा, सासूबाईंना घेऊन खंबाटकी चढायची जोखीम घेऊ नका. रिकॉल निघाला तर पंप बदलल्यावर सर्व्हिस सेंटरकडून जॉब कार्डवर तसं लिहून घ्या, आणि नाही निघाला तर गेज लावून आलेले गार आणि गरम असे दोन्ही आकडे आणि पंपाच्या कनेक्टरवरचं व्होल्टेज मला कळवा, त्यावरून पुढचं लगेच सांगतो.